६ जून : राज्याभिषेक आणि नॉर्मंडी खरंच एकाच दिवशी?

सनावळी
दरवर्षी ६ जूनच्या दिनविशेषात दोन नोंदी शेजारी बसतात : १६७४ चा शिवराज्याभिषेक आणि १९४४ चं नॉर्मंडीवरचं दोस्तांचं आक्रमण. ही जोडी मला मान्य नाही. १६७४ ची तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची आहे. इंग्रजांनी ते कॅलेंडर १७५२ मध्ये सोडलं. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरच्या हिशेबाने तो दिवस १६ जून. एकाच पानावर दोन मोजपट्ट्या चालणार नाहीत, जुन्या तारखा बदलून लावा.

दफ्तरी
आणि मग शोधायचं कुठे? इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी रायगडावर होता, त्याची नोंद ६ जूनची. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९. तुमच्या पानावर तो २० नोव्हेंबरला गेला, तर वाचक कुठलंही साधन उघडो, त्याला तो सापडायचा नाही. तारखेपुढे 'जु.' (ज्युलियन) एवढा शेरा पुरे.

सनावळी
शेरा कोण वाचतो? रशियाने २५ ऑक्टोबर १९१७ ची क्रांती सरळ ७ नोव्हेंबरला साजरी केली, नाव मात्र 'ऑक्टोबर'च ठेवलं. कुणाचं काही अडलं नाही.

घटीपळे
बदलायचंच तर नीट बदला. १५८२ च्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंत १० दिवस मिळवायचे, तिथून फेब्रुवारी १८०० अखेरपर्यंत ११. सरसकट आजचे १३ मिळवणारे बरेच दिसतात.

दुसरी चूक सालाची. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे १९ फेब्रुवारी १६३० हा शिवजन्माचा दिवस त्यांच्या रिवाजाने १६२९ मध्येच मोडतो. शकाचा इसवी सन काढतानाही तसंच : चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ला ७८ मिळवलेत की जन्म वर्षभर मागे गेला.

पडताळा वाराने घ्या. कॅलेंडर बदललं तरी वार बदलत नाही : ६ जून ज्युलियन आणि १६ जून ग्रेगोरियन, दोन्ही शनिवार. संगणकाला ६ जून १६७४ विचारलंत तर तो बहुधा बुधवार सांगतो, कारण तो ग्रेगोरियन नियमच मागे ताणत नेतो.

दफ्तरी
पण जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींत, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे. मग वार तरी कुठे जुळला?

घटीपळे
तिथेच पुढे 'तीन घटिका रात्र उरली तेव्हा' असंही आहे. तीन घटिका म्हणजे ७२ मिनिटं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. त्यांच्या लेखी शनिवार उजाडून काही तास झाले होते, आपल्या लेखी शुक्रवारच चालू होता. विसंगती नाहीच.

तिथीवादी
एवढी कसरत करण्यापेक्षा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी धरा. गडावर तिथीचाही सोहळा होतोच.

सनावळी
तिथी उत्सवाला उत्तम. २०२३ मध्ये ती २ जूनला आली, अधिकमास पडला की पुढचं गणित आणखी सरकतं. नॉर्मंडीला कोणती तिथी लावणार?

तिथीवादी
न लावली तर बिघडलं काय? २७० वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टींचा संबंधच काय? तारखा जुळवायचा सोस तुमचा.

दफ्तरी
सोसाचं मराठी उदाहरण म्हणजे पानिपत. १४ जानेवारी १७६१ ग्रेगोरियनच, म्हणून लोक 'ऐन संक्रांतीला' म्हणून मोकळे होतात. पण संक्रांत दर ७० एक वर्षांनी दिवसभर पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, तोच संक्रांतीचा दिवस होता. म्हणजे १७६१ ची संक्रांत १० च्या आसपास, लढाईआधीच होऊन गेलेली. दिनविशेषात काही खोडायचंच असेल तर आधी हे खोडा. ६ जूनला हात लावू नका.

सनावळी
पानिपत खोडतो. ६ जूनपुढे 'जु.' ठेवा, पण कंसात १६ जूनही लिहा. त्याखाली मी उतरणार नाही.