मदत हवी आहे: लाकूडधंद्यातले जुने मराठी शब्द

नमस्कार मंडळी. मी कॅनडात, ओटावात राहते. इथल्या मराठी मुलांना फिलेमन राइटच्या कुटुंबाची गोष्ट सांगायची आहे आणि शब्दांपाशीच गाडी अडलीय.

हा माणूस 1800 साली मॅसॅच्युसेट्सहून बायकामुलं, मजूर घेऊन इथे ओटावा नदीपलीकडे वसला. आला होता शेती करायला! पैशांची चणचण भासली तेव्हा 1806 मध्ये ओंडक्यांचा तराफा बांधून मुलासह थेट क्विबेक शहराला निघाला. उन्हाळ्याचे दोन महिने गेले. तराफ्याचं नाव 'कोलंबो'. मला आधी श्रीलंकाच आठवली. नेपोलियनमुळे ब्रिटनला बाल्टिककडचं लाकूड मिळेना, त्यामुळे पुढे या धंद्याला बरकत आली.

इथल्या शोदिएर धबधब्यापाशी मात्र तराफा सोडवून ओंडके खाली सोडावे लागत, त्यात बरेच फुटत. म्हणून 1829 मध्ये फिलेमनचा मुलगा रगल्स याने बाजूने पाण्याची उतरती लाकडी वाट बांधली. तराफ्याचा एकेक तुकडा, वर माणसं उभी, सुर्रकन खाली!

या वाटेला काय म्हणू? 'घसरगुंडी' म्हटलं की मुलं हसतात. तराफ्याच्या सुट्या तुकड्याला, कुऱ्हाडीने चौकोनी तासलेल्या ओंडक्याला वखारीत काय म्हणतात? कुणाच्या घरी लाकडाची वखार असेल तर आजोबांना विचाराल का, प्लीज?