दीड वर्षाची लॅब, वजन ३६.८ किलो. सुरुवात कुठून करू?

रेवाची_आई, नाशिक

नमस्कार मंडळी. आमची रेवा पिवळी लॅब्रॉडॉर, पुढच्या महिन्यात दीड वर्षाची होईल. नवव्या महिन्यात नसबंदी केली तेव्हा २६ किलो होती. परवा लसीला नेलं तर काटा ३६.८ वर. डॉक्टर म्हणाले, हिच्या हाडापेराला २९ पुरे. मला तिथेच रडू आलं. इतके दिवस मला ती नुसती अंगानं भरलेली वाटत होती.

खाणं असं: सकाळ-संध्याकाळ स्टीलचा एकेक पेला ड्राय फूड (पेल्यात दीडशे ग्रॅम मावत असावं). सासरे सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोजची पाच-सहा बिस्किटं देतात. दुपारी तूप लावलेल्या दोन पोळ्या, रात्री वाटीभर दूध. फिरणं सकाळी वीस मिनिटं आणि रात्री कॉलनीतच दहा. हल्ली जिन्यात मध्येच बसते.

ड्राय फूड सरळ निम्मं करू का? पळायला नेऊ का? आणि सासऱ्यांचं काय करू? ते ७६ वर्षांचे आहेत. सासूबाई गेल्यापासून त्यांचा दिवस रेवापासून सुरू होतो आणि रेवापाशीच संपतो. त्यांना "देऊ नका" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भटका_पुणेकर

पोळी-दूध आजपासून बंद आणि रोज सकाळी सायकलबरोबर तीन-चार किलोमीटर पळवा. माझा शेफर्ड असाच फिट राहिलाय.

बंड्याची_काकू, रत्नागिरी

सायकल नको, हे आधी सांगते. भटकादादा, तुमचा शेफर्ड सडपातळ असेल, त्याला झेपतं. या पोरीच्या अंगावर सात-आठ किलो जादा आहेत, हाडं आत्ता कुठे पक्की होतायत आणि लॅबच्या जातीत खुब्याचं-कोपराचं दुखणं मुळातच जास्त. आज पळवलीत तर सांधे धरतील, मग चालणंही बंद होईल.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझा बंड्या काळा लॅब, आता सहा वर्षांचा. दोन वर्षांचा असताना ४३ किलो होता. ३३ वर यायला दहा महिने लागले.

रेवाताई, सगळ्यात आधी तो पेला काट्यावर ठेवा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. मी दोन वर्षं माझा पेला शंभर ग्रॅमचा धरून चालले होते. मोजला तर काठोकाठ भरून १४५ भरला. म्हणजे रोज दोन वेळचे मिळून ९० ग्रॅम जास्त जात होते आणि मी मात्र बंड्या आळशी आहे म्हणत होते.

आता तुमचा हिशोब. ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला साधारण ३६० कॅलरी धरू, तुमच्या पिशवीवरचा आकडा बघून घ्या. ३०० ग्रॅमचे झाले १०८०. तूप लावलेल्या दोन पोळ्या अडीचशेच्या पुढे. बिस्किटं एकेक पंचवीसच्या आसपास, म्हणजे दीडशेपर्यंत. दूध शंभर. बेरीज सोळाशेच्या घरात जाते.

लागतात किती, ते काढायची डॉक्टरांची रीत साध्या कॅलक्युलेटरवर जमते. जे वजन हवंय ते घ्यायचं, आजचं नाही. २९ × २९ × २९, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आलेल्या आकड्याला ७० नं गुणा. ८७५ येतील. वजन उतरवताना बहुतेक डॉक्टर इथूनच सुरुवात करतात. तुमच्याकडे जवळजवळ दुप्पट जातंय, आणि त्यातला तिसरा हिस्सा तुम्ही ज्याला जेवण म्हणतच नाही त्यातून जातोय.

म्हणून मी म्हणते, वजन फिरण्यानं कमी होत नाही, डब्यानं होतं. आमच्याकडे खाऊ देणारे हात पाच. हे नारळाची कातळी द्यायचे, शेजारची मुलं वेफर्स, आणि मी खवायला बसले की बंड्या खवणीखाली. सांगून कुणी ऐकेना. तेव्हा मी सकाळी त्याचं दिवसभराचं सगळं मोजून एका डब्यात भरायला लागले. ज्याला द्यावंसं वाटेल त्यानं त्याच डब्यातून द्यायचं, कितीदाही. डबा रिकामा झाला की दिवस संपला. त्या दिवसापासून भांडणं थांबली.

सासऱ्यांना देऊ नका म्हणूच नका. उलट डबा त्यांच्याच ताब्यात द्या. चहाच्या वेळी बिस्किटाच्या जागी गाजराची चकती, काकडी, वाफवलेला दुधी नाहीतर फरसबी. कुत्र्याला आपल्या माणसाच्या हातून मिळालेलं हवं असतं. बंड्या गाजराची चकतीही नारळासारखीच कुरकुर वाजवत खातो.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून मुद्दाम लिहिते. द्राक्ष आणि बेदाणा एकसुद्धा नको, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसूणही नको, कच्चा नको आणि भाजीतला शिजलेलाही नको. आमच्याकडे तशी भीती आंब्याच्या बाठ्याची. गिळला तर आतड्यात अडकतो. मे महिन्यात मी आधी अंगण झाडते, मगच याला सोडते.

ताट वाढून देऊ नका. निम्मे दाणे अंगणात, गवतात विखरून टाका. बंड्या जे दीड मिनिटात संपवायचा त्याला आता वीस मिनिटं लागतात. हुंगून हुंगून दमतो आणि नंतर शांत झोपतो.

फिरणं: आत्ताच्या वीस मिनिटांचं दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवत सकाळ-संध्याकाळ पाऊण तासापर्यंत न्या. मातीवर, एका चालीत. चेंडू फेकून गर्रकन वळवणं आणि गाडीतून उड्या सध्या बंद. आम्ही पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूवरून चालायचो. समुद्र शांत असला की तो कमरेएवढ्या पाण्यात पोहायचा. पाण्यात सांध्यांवर फारसा भार येत नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात सातच्या आत घरी या. डांबरावर हाताचा पंजा उलटा टेकवून पाच-सात सेकंद ठेवता आला नाही, तर तिचे तळवेही भाजतील.

वजन दर दोन आठवड्यांनी, एकाच काट्यावर. शेजारच्या आंब्याच्या वखारीत पेट्या तोलायचा मोठा काटा आहे, बंड्या त्यावर स्वतःहून चढून बसतो. जून-जुलैत कोकणातल्या पावसात आम्ही बाहेरच पडू शकलो नाही, दोन महिने काटा हलला नाही. तेव्हा मी खूप खचले होते. पण डबा तेवढाच ठेवला होता म्हणून वाढलंही नाही. आकड्याइतकाच हात महत्त्वाचा. मूठ आवळून बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या तशा टोचल्या तर कुत्रं रोड. हात सरळ करून पंजाच्या पाठीवरून फिरवा: तशा लागल्या तर बरोबर. तळहातासारखं मऊ लागलं तर चरबी आहे.

गुरांची_डॉक्टर, सातारा

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकले, आता प्रॅक्टिस करते. काकूंचा हिशोब बरोबर आहे. माझी भर इतकीच की नेहमीचं ड्राय फूड निम्मं करू नका. कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात. वजन उतरवण्यासाठी वेगळं खाद्य मिळतं, त्यात प्रथिनं आणि चोथा जास्त, कॅलरी कमी. तुमच्या डॉक्टरांना विचारून आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. वरचा खाऊ, गाजरासकट, दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा. आठवड्याला एक ते दोन टक्के उतरलं की पुरे, रेवाच्या बाबतीत ३५० ते ७०० ग्रॅम. नसबंदीनंतर गरज कमी होते आणि भूक वाढते. तेव्हाच खाणं कमी करायला हवं होतं, पण हे पुष्कळ घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. स्वतःला दोष देऊ नका. जिन्यात बसते म्हणता, तर एकदा खुबे आणि गुडघे तपासून घ्या. या वयात थायरॉईड क्वचित असतं, तरी डॉक्टरांना वाटलं तर रक्त तपासा.

आणि एक. लॅबची भूक हा हट्ट नसतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप त्यामुळे मेंदूपर्यंत नीट जात नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळात अशा कुत्र्याला खरोखरच जास्त भूक लागते आणि आरामात असताना त्याचं शरीर ऊर्जाही कमी वापरतं, हे त्याच गटानं २०२४ मध्ये दाखवलं. रेवा त्यातली असेल-नसेल. पण तिच्यावर ओरडू नका. सासऱ्यांना सांगायचं तर हे सांगा: अमेरिकेत ४८ लॅबवर त्यांच्या जन्मापासून मरेपर्यंत एक अभ्यास झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारी सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले.

रेवाची_आई, नाशिक

काकू, पेला मोजला. १६८ ग्रॅम निघाला. डॉक्टरताईंचं दोन वर्षांचं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "डबा कुठला घेतेस?" सासूबाईंचा पितळी कडीचा डबा त्यांनी स्वतः काढून दिला. पण रात्री दुधाच्या वेळी रेवा रिकाम्या वाटीपाशी बसून राहते. त्यांना ते बघवत नाही.

बंड्याची_काकू, रत्नागिरी

वाटी तिथेच राहू दे. डब्यातले मूठभर दाणे रात्रीसाठी राखायचे आणि कोमट पाण्यात भिजवून त्याच वाटीत त्यांनी द्यायचे. वेळ तीच, हात तोच. दहा-बारा दिवसांत दूध विसरेल.

रेवाची_आई, नाशिक

आज चार आठवडे झाले. ३५.४ किलो! खुब्यांचा एक्स-रे चांगला आला. नवीन खाद्य सुरू आहे, फिरणं पस्तीस मिनिटांवर आलंय. सकाळचं सासरेच नेतात, गोदा पार्कात. चार आठवड्यांत त्यांची एकही फेरी चुकली नाही. काल रेवा जिना न थांबता चढली आणि वर जाऊन त्यांची वाट बघत उभी राहिली.