आईला घरी येऊन फिल्टर विकून गेले, पैसे परत कसे मिळवू?

बुटीबोरीवाला:
मी बुटीबोरीला कामाला, आई (वय 68) नरेंद्रनगरात एकटी राहते. गेल्या मंगळवारी भर दुपारी दोन पोट्टे आले. "महापालिकेकडून पाणी तपासायला आलो." गळ्यात कार्ड होतं, पण उलटं. ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं. दोन्हींत सळया बुडवून बटण दाबलं. थोड्या वेळात नळाचं पाणी तपकिरी झालं, वर हिरवट-काळा गाळ आला. त्यांचं पाणी होतं तसंच. "मावशी, हे रोज पिता तुम्ही."

बाबा किडनीच्या आजारानं गेले. त्यानंतर आईला दुसरं काही ऐकू आलं नसेल. 18,500 रुपयांचं फिल्टर घेतलं, 5,000 रोख, बाकीचा चेक. तो वटलाही. हाती गुलाबी पावती, खाली छापलेलं, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." फोन केला की कंपनीवाले तेच वाक्य वाचून दाखवतात. सात दिवसांत वस्तू परत करता येते म्हणतात, खरं आहे का? आई मला सांगायला चार दिवस भीत होती, हे फार लागलं मला.

रसायनवाल्या बाई:
तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून सांगते. तो गाळ पाण्यातला नव्हताच, सळईचा होता. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज वाहते आणि लोखंडाची सळई झिजून गंज पाण्यात उतरतो. आरओच्या, म्हणजे तसल्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) विरघळलेल्या क्षारांची योग्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. आईंच्या नळाचा टीडीएस, म्हणजे हेच क्षारांचं प्रमाण, मोजून आकडा लिहून ठेवा.

स्वतः केस लढलेला:
भाऊ, मन बदललं म्हणून सात दिवसांत परत, असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. त्यावर विसंबू नका. तुमची बाजू भक्कम आहे ती फसवून विकलं म्हणून. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये खोटा दावा करून माल विकणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पावतीवरच्या त्या वाक्यानं ही फसवणूक माफ होत नाही. एजंटांच्या साखळीतून विकणारी कंपनी असेल तर 2021 चे थेट विक्री नियमही लागतात. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी असल्याशिवाय विक्रेत्यानं घरी यायचंच नाही.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि कंपनीला लेखी नोटीस द्या. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. केस आईंच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच चालते. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. महापालिकेचे कर्मचारी म्हणून घरात शिरले, त्याची पोलिसात वेगळी तक्रार द्या.

मानेवाड्याची सून:
एकदा घेतलं की नंबर फिरतो, फोन सुरू होतात. आईंच्या मोबाइलवर 1909 ला डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन बंद करायची सोय, लावून घ्या. माझ्या सासूबाईंना फोनवरच विमा विकला होता. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, म्हणून सुटलो.

बुटीबोरीवाला:
बाई, काल रात्री करून बघितलं. मल्टिमीटरमधली नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि त्याच फिल्टरचं पाणी. आधी काहीच झालं नाही. मीठ टाकलं आणि थोड्या वेळात खिळ्याजवळ हिरवट, मग तपकिरी. आई ग्लासाजवळ चेहरा नेऊन बघत होती. म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांना आपण घाण पाणी नव्हतं ना पाजलं?"

नाही म्हटलं. मग किती तरी वेळ ती काही बोलली नाही. आज सकाळी 1915 ला फोन तिनंच लावला, नोटिशीवर सहीही तिचीच आहे.