रिबेसमधलं ‘अवर्स’ म्हणजे नक्की कोणाचं? डॉक्युमेंटेशनमध्ये कसं लिहावं?

कमिटकर: टीममधल्या नव्या लोकांसाठी गिटची (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) मार्गदर्शिका लिहितोय. मर्जपर्यंत (दोन शाखा जोडणं) सगळं ठीक, रिबेसला (आपले बदल दुसऱ्या शाखेच्या टोकावर नव्याने लावणं) गाडी अडते. कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) आला की लोक ‘आपली बाजू ठेव’ या अर्थाने ‘गिट चेकआउट --अवर्स’ मारतात आणि स्वतःचाच बदल घालवून बसतात. बाजू इथे उलट होतात हे मॅन पेजमध्ये (गिटच्या अधिकृत माहितीच्या पानांत) आहे, नाही असं नाही. पण कुठे? एक टीप चेकआउटच्या पानावर, दुसरी रिबेसच्या पानावर ‘--मर्ज’ या पर्यायाखाली. गिटच्या २.२६ आवृत्तीपासून तीच पद्धत डीफॉल्ट आहे, म्हणजे तो पर्याय हाताने कोणी टाइपच करत नाही. मग तिथे वाचायला कोण जाणार? मी हे कसं मांडू?

जुनाखोंड: नुसतं ‘उलट होतं’ लिहून भागणार नाही, कारण द्या. रिबेस आधी अपस्ट्रीमच्या (ज्या शाखेवर बदल लावायचे ती) टोकावर जाऊन उभं राहतं, मग तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) एकेक करून तिथे लावतं. त्या घडीला हेड (गिट आत्ता जिथे उभं आहे तो कमिट) तिकडचं असतं, म्हणून अवर्सही तिकडचं.

डिफवाली: कारण बरोबर आहे, पण ते दुसऱ्या परिच्छेदात. अडकलेल्या माणसासमोर उघडी फाइल असते, सुरुवात तिथून करा. मी असं लिहीन:

‘रिबेस करताना फाइलमध्ये वरच्या भागात, हेड लिहिलेल्या खुणेखाली, अपस्ट्रीमचा मजकूर असतो, आधी लागलेले तुमचे कमिटही त्यात धरलेले असतात. खालच्या भागात आत्ता लागत असलेला तुमचा कमिट असतो आणि शेवटच्या खुणेशेजारी त्याचा संदेश दिसतो. तुमचा बदल ठेवायचा तर ‘गिट चेकआउट’ला --अवर्सऐवजी --थेअर्स (दुसरी बाजू).’

आणि लगेच सुटकेची वाट. चुकीची बाजू घेतली आणि अजून ‘गिट अॅड’ (कॉन्फ्लिक्ट सुटला अशी नोंद) केलं नसेल, तर ‘गिट चेकआउट --मर्ज’ला फाइलचं नाव दिलं की कॉन्फ्लिक्ट पुन्हा मिळतो. सगळंच नको असेल तर ‘गिट रिबेस --एबॉर्ट’, म्हणजे रिबेस सोडून पूर्वीच्या जागी परत. हे शेवटच्या पानावर ढकलू नका, घाबरलेला माणूस तिथवर पोचत नाही.

पॅचपाटील: मार्गदर्शिकेवरच का थांबता? मूळ पानाला पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठवा. गिटच्या रेपोत (मूळ कोडच्या साठ्यात) डॉक्युमेंटेशन फोल्डर आहे, मजकूर अॅस्किडॉक या साध्या मजकुराच्या स्वरूपात. पॅच जिथे ईमेलने पाठवतात त्या मेलिंग लिस्टची धास्ती वाटत असेल तर गिटगिटगॅजेट आहे; गिटहबवरची पुल रिक्वेस्ट तेच लिस्टवर पाठवतं. साइन्ड-ऑफ-बायची ओळ (हा बदल द्यायचा हक्क आपल्याला आहे, अशी सही) हवीच. फक्त ही टीप वर आणा, जाता जाता शेजारचे परिच्छेद सुधारू नका. रिव्ह्यू करणारे तिथेच अडवतात, आणि योग्यच करतात.

कमिटकर: डिफवालीचा मजकूर जवळपास तसाच घेतो. पॅचमध्ये ती टीप वर्णनाच्या भागात हलवतो आणि ‘--मर्ज’खाली फक्त तिचा उल्लेख ठेवतो. कमिट संदेशात २.२६ चं कारण देतो.