टो स्पेसर : रात्रभर घालावेत का? अंगठा सरळ होतो का?

खडूची_पूड :
मी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसातला बराच वेळ उभीच असते. दोन्ही पायांचे अंगठे हळूहळू शेजारच्या बोटाकडे कलायला लागलेत, उजवा जास्त. त्याच्या मुळाशी आतल्या बाजूने हाड वर आलंय आणि बूट नेमका तिथेच घासतो. आईचे पायही असेच होते. बहिणीने सिलिकॉनचे टो स्पेसर आणून दिलेत, पाचही बोटांत बसणारे. व्हिडिओत सांगतात की रात्रभर घालून झोपा, काही महिन्यांत अंगठा सरळ. खरंच होतो का? आणि ते बुटात घालून दिवसभर वावरलं तर चालेल का? घातल्यावर ताण जाणवतो, पण काढल्यावर पाय मोकळा वाटतो एवढं खरं.

सरळसोट :
असल्या रबराने हाडं सरळ झाली असती तर ऑर्थोपेडिक सर्जन रिकामे बसले असते. द्या टाकून.

चवडा_टाच :
सरळसोट यांचं निम्मं बरोबर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे पायाच्याच तक्रारी जास्त येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमच्या वर्णनावरून हे बनियन वाटतंय, डॉक्टरी भाषेत हॅलक्स व्हॅल्गस. यात नुसता अंगठा वाकत नाही. अंगठ्यामागचं तळपायातलं लांब हाड, म्हणजे पहिलं मेटाटार्सल, दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं आणि अंगठा उलटा करंगळीकडे वळतो. बुटाला घासणारा उंचवटा हे बहुतेक त्या सरकलेल्या हाडाचंच टोक असतं. एक्स-रेवर अंगठा आणि हे मागचं हाड यांच्यातला कोन १५ अंशांच्या पुढे गेला की बनियन म्हणतात. स्पेसर अंगठ्याला बाजूला धरतो, पण फक्त घातलेला असेपर्यंत. मागचं हाड तो हलवत नाही. मोठ्या माणसाचा वाकडेपणा कायमचा घालवायचा तर शस्त्रक्रियाच लागते, आणि तीही दुखणं आवाक्याबाहेर गेल्यावर. दिसायला बरं दिसावं म्हणून पाय उघडून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही स्पेसर टाकू नका. बोटं एकमेकांवर घासायची थांबतात, बेचक्यात कुरूप होत असेल तर तिथला दाब कमी होतो, आणि दिवसभर आवळलेला चवडा जरा पसरतो. काढल्यावर तुम्हाला जे मोकळं वाटतं ते यामुळेच. त्यांच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा.

सुरुवातीला १०-१५ मिनिटं, तीही बसून. मग घरात अनवाणी चालताना, हळूहळू वेळ वाढवत. ताण जाणवणं ठीक आहे. मुंग्या, बधिरपणा, बोटाचा रंग बदलणं किंवा टोचणारं दुखणं यातलं काहीही झालं तर लगेच काढा. झोपेत बोट बधिर झालं तर कळतसुद्धा नाही, म्हणून मी कुणालाही सुरुवातीपासून रात्री घालायला सांगत नाही. बुटात तर मुळीच नको, निदान सध्याच्या बुटात नको. बाहेरून बूट दाबणार, आतून सिलिकॉन ढकलणार, मधल्या मधे करंगळीचे हाल.

आता खरा मुद्दा बुटाचा. दिवसातून अर्धा तास बोटं पसरायची आणि उरलेला सगळा दिवस ती निमुळत्या बुटात कोंबायची, याला काय अर्थ आहे? एक कागद जमिनीवर ठेवा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा आणि पायाची बाह्यरेषा काढून घ्या. बुटातला सुखतळा काढून त्या रेषेवर ठेवा. पाय कुठे बाहेर येतो ते दिसेलच. बूट घ्यायचे ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, आणि सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा ठेवून.

व्यायामात एकच सांगते. पाय जमिनीवर ठेवून फक्त अंगठा वर उचला, बाकी चार बोटं खाली. मग उलटं : अंगठा खाली, चार बोटं वर. सुरुवातीला बहुतेकांना जमत नाही, हाताने धरून दाखवावं लागतं, आणि माझ्या खोलीत सगळ्यांत जास्त हसू याच वेळी होतं. अंगठ्याला करंगळीपासून लांब खेचणारा स्नायू तळपायाच्या आतल्या कडेने जातो. अंगठा कलला की त्याचा कंडरा तळाकडे घसरतो आणि ती खेच दुबळी पडते. आहे ती ताकद टिकवायची, एवढाच उद्देश.

पहाटफेरी :
मी रोज पळतो. माझी तक्रार वेगळी होती, तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी बुटात खडा असल्यासारखं टोचायचं. डॉक्टर म्हणाले मॉर्टन्स न्यूरोमा, तिथली नस दबतेय. पुढून रुंद बूट घेतल्यावर फरक पडला. स्पेसर पळून आल्यावर घालतो, बरं वाटतं. पण एकट्या स्पेसरने काही झालं असतं असं वाटत नाही.

सांजवात :
माझ्या वडिलांना मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झालीय. त्यांनाही आणावेत का?

चवडा_टाच :
सांजवात, नको. जिथे संवेदना नाही तिथे सिलिकॉन घासून जखम झाली तरी त्यांना कळणार नाही, आणि मधुमेहात पायाची जखम फार चिघळते. रक्तपुरवठा कमी असलेल्यांनाही हेच लागू. त्यांचे डॉक्टर पाय तपासून हो म्हणाले तरच. त्याऐवजी रोज त्यांचे तळवे आणि बेचकी बघत जा, बुटात हात घालून काही टोचत नाही ना तेही बघा.

खडूची_पूड :
कागदाचा प्रयोग केला. सुखतळा माझ्या पायापेक्षा दोन्हीकडून अरुंद निघाला, विषय संपला, नवे बूट घेतेय. व्यायाम डाव्या पायाला जमतो, उजवा अंगठा ढिम्म हलत नाही. अजून दोन शंका. करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून खाज येतेय, स्पेसरमुळे का? आणि उजवा अंगठा हाताने वर वाकवला की सांध्याच्या वरच्या बाजूला दुखतं.

चवडा_टाच :
पांढरी कातडी आणि खाज म्हणजे बहुधा चिखल्या, बुरशीचा संसर्ग. ओल्या पायात स्पेसर घातले की तिला आयतीच जागा मिळते. बरं होईपर्यंत स्पेसर बंद. बेचकी कोरडी ठेवा, फार्मसीतून बुरशीवरचं मलम घ्या, आणि स्पेसर साबणाने धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय परत वापरू नका.

अंगठ्याचं दुखणं मात्र दाखवून घ्या. चालताना टाच उचलली की अंगठा वर वाकतो, त्याने तळव्यातला जाड पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान वर उचलली जाते. हिक्स यांनी १९५४ साली हे मांडलं, आम्हाला ते अजूनही तसंच शिकवतात. तो सांधाच वाकेनासा झाला असेल, तर ते झिजेचं, हॅलक्स रिजिडसचं लक्षण असू शकतं. त्यावर स्पेसरचा उपयोग नाही, बूटही वेगळा लागतो, न वाकणाऱ्या कडक तळाचा. त्यामुळे नवे बूट तपासणीनंतरच घ्या. आणि एखाद्या रात्री तो सांधा अचानक लालभडक, गरम होऊन सुजला तर वेगळाच विचार करावा लागेल, युरिक ॲसिड तपासतात.

जाताना रोजचे जुने बूट सोबत न्या. तळ कुठे झिजलाय ते बघायला लागतं.