माजी सैनिकांच्या फलकावर मिलिटरी पोलिसांना 'इतर' मध्ये टाकणं बरोबर आहे का?

खानापूरची_लेक
आमच्या गावात (खानापूर तालुका) माजी सैनिकांचा फलक बसवायचं ठरलंय आणि सोबत गावातल्या फौजींवर एक छोटं पुस्तक पण निघणार आहे. कच्चा मसुदा ग्रुपवर आला तो वाचला. सुरुवातीची सगळी पानं मराठा लाइट इन्फंट्रीला, तिच्या जंगी पलटण, काळी पाचवी या पलटणी, इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस, 1922 पासून बेळगावात असलेलं सेंटर, सगळं मन लावून लिहिलंय आणि ते वाचताना मला पण अभिमान वाटला. मग शेवटच्या पानावर 'इतर' म्हणून एक रकाना, त्यात माझे बाबा. अख्खी नोकरी कोअर ऑफ मिलिटरी पोलिस म्हणजे एमपीमध्ये, हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्यांच्या फोटोखाली लिहिलंय 'पॅरा कमांडो'. का, तर डोक्यावर लाल टोपी. अहो पॅराची टोपी मरून असते, एमपीची लालभडक, आणि फोटोत पांढरा बेल्ट, दंडावरच्या काळ्या पट्टीवर लाल अक्षरात एमपी लिहिलेलं लख्ख दिसतंय. ज्या गावात एक घर टाकून एक फौजी आहे त्या गावाला एवढं ओळखू येऊ नये?

माझं म्हणणं एवढंच, फलकावर मिलिटरी पोलिसांचा वेगळा रकाना पाहिजे आणि पुस्तकात वेगळं प्रकरण पाहिजे. महायुद्धाच्या तोंडावर 1939 मध्ये प्रोव्होस्ट युनिट, म्हणजे फौजेतल्या पोलिसांची तुकडी, उभी राहिली तेव्हापासूनचा या कोअरचा इतिहास आहे, त्यात आपल्या सीमाभागातली पोरं आहेत, आणि त्यांचं कुणीच लिहीत नाही. तुम्हाला काय वाटतं मोकळेपणाने सांगा.

सुभेदार_येळ्ळूर
ताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. फोटोखालची चूक दुरुस्त झालीच पाहिजे त्यात दुमत नाही. खरं वेगळा रकाना कशाला ओ? आमच्याकडं फलक पलटणवार लिहितात कारण माणूस पलटणीत भरती होतो, पलटणीतच लढतो, पलटणीतच मरतो आणि पेन्शनला आल्यावर पण पलटणीच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापना दिवसाला, जातो. एमपीवाला आज या डिव्हिजनच्या प्रोव्होस्ट युनिटमध्ये, तीन वर्षांनी दुसऱ्या, त्याचं असं एक घर कुठं हाय? आणि स्पष्टच बोलतो, जवानांच्या मनात एमपीबद्दल जे आहे ते काय उगीच नाही. मी नायक असताना आमच्यातला एक पोरगा आई अत्यवस्थ म्हणून तार आली तसा सुट्टीवर निघाला, एका मोठ्या स्टेशनावर एमपीनं धरला, लिव्ह सर्टिफिकेट बरोबर होतं तरी गणवेशाची बटणं आणि टोपी यावरून उभा करून ठेवला आणि त्याची गाडी गेली. दुसऱ्या गाडीनं पोचला तेव्हा माती झाली होती. हे आम्ही विसरायचं काय? ज्यांनी समोर शत्रू बघितला त्यांच्या बरोबरीनं आपल्याच जवानांची बटणं मोजणाऱ्यांना बसवायचं हे मला पटत नाही.

निपाणीचा_वकील
सुभेदार साहेब, त्या पोराबरोबर झालं ते वाईटच झालं. फक्त एक कायद्याची बाजू सांगतो. आर्मी अॅक्ट 1950 चं कलम 107 प्रोव्होस्ट मार्शलवर, म्हणजे फौजेतल्या पोलिस अधिकाऱ्यावर आहे. त्यात अटक करायचा, ताब्यात ठेवायचा अधिकार दिलाय, कोर्ट मार्शलनं दिलेली शिक्षा अंमलात आणायचा अधिकार दिलाय, खरं स्वतःच्या मनानं कुणालाही शिक्षा द्यायची नाही हे त्याच कलमात साफ लिहिलंय. आणि ऑफिसरला दुसऱ्या ऑफिसरच्या हुकमाशिवाय धरता येत नाही. म्हणजे कुणी अडवून गाडी चुकवली असेल तर तो त्या माणसाचा दोष, कोअरचं काम ते नव्हे. पलटणीतल्या एका माणसानं चुकीचं केलं म्हणून आपण पलटणीचं नाव फलकावरनं काढतो का?

सुभेदार_येळ्ळूर
कलम तुम्ही सांगितलं ते बरोबर असणार, मी काय वकील नाही. खरं कलमानं इतिहास होत नाही. डिसेंबर 1971 ला बांगलादेशच्या लढाईत जमालपूरला जंगी पलटण होती. पाकिस्तानी कर्नलला शरण ये म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्यानं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली, आणि मग रात्री ते आमच्या पलटणीच्या अंगावर चालून आले. ते थोपवणाऱ्यांत आपल्या भागातले होते. याला इतिहास म्हणतात. एमपीची एक लढाई सांगा मला.

खानापूरची_लेक
मामा, लढाई नाही सांगता येणार. बॅटल ऑनर, म्हणजे लढाईच्या नावानं पलटणीला मिळणारे मान, पायदळाला मिळतात, रणगाड्यांना मिळतात, एमपीला नाहीत, आणि नेमकं त्यामुळंच त्यांचं नाव मागं राहतं हेच तर मी सांगतेय. तुमच्या जमालपूरनंतरचं बघा की. ढाका पडल्यावर सुमारे 93,000 युद्धकैदी आपल्या हातात आले. त्यांची झडती, नोंद, त्यांना मागं आणणं, गाड्यांत भरणं, वाटेत कुणी हात उचलू नये हे बघणं, जिनिव्हा करारानं जे जे सांगितलंय ते पाळणं, हे काम करायला एमपीला मुद्दाम शिकवलेलं असतं. ते कैदी परत जाईपर्यंत 1974 उजाडलं. एवढ्या माणसांना नीट सांभाळून परत पाठवलं म्हणून जगात भारतीय फौजेचं नाव झालं, ते नाव कुणाच्या खात्यावर?

आणि बाबांचं सांगते. त्यांची बरीच नोकरी टीसीपीवर गेली, ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट. डोंगरातला एकेरी रस्ता, वरून कॉन्वॉय म्हणजे गाड्यांचा ताफा सुटला की खालचा थांबवायचा, आणि हे सगळं दोन-तीन माणसांच्या जिवावर, बर्फ असो की दरड. त्यांनी कामाची म्हणून एक जाड वही स्वतःसाठी ठेवली होती, ती घरात आहे. प्रत्येक ओळीत गाड्या किती, कुठून आल्या, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, कॉन्वॉय कमांडरची रँक. काही ओळींत शाई गोठल्यामुळं पेन्सिलनं लिहिलंय. एका पानावर बाहेर गेल्याची वेळ रिकामी आहे आणि समोर समासात 'दोन गाड्या परत आल्या नाहीत, वर कळवले' असं लिहिलंय. त्या रात्री काय झालं हे बाबा विचारलं तरी सांगत नाहीत. गाड्या वेळेत वर पोचल्या म्हणून वरच्या पलटणीला दारूगोळा मिळाला, रॉकेल मिळालं, पत्रं मिळाली. पलटण आपल्या माणसाची आठवण ठेवते कारण तिथं शेकडो जण एकत्र असतात. टीसीपीवर दोघं असतात. त्यातला एक गेला की दुसऱ्याशिवाय सांगणारं कोण उरतंय?

चिकोडी_सिग्नलवाला
मी सिग्नलमधून रिटायर. ताईंचं ऐकून वाईट वाटलं आणि तरीही मी विरोधातच आहे. आज एमपीला रकाना दिला की उद्या मी मागणार सिग्नलला, रसदीचा एएससीवाला मागणार, गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा ईएमई, मेडिकल, दारूगोळा-सामानाचा ऑर्डनन्स, सगळे मागणार. फलक म्हणजे काय यादी पुस्तक आहे काय? माझं मत असं की कोअर-रेजिमेंट काढूनच टाका, फक्त नाव, हुद्दा, भरती आणि निवृत्तीचं साल. सगळे एका ओळीत. कॅन्टीनच्या रांगेत आम्ही एका लाइनीत उभे राहतोच की, फलकावर पण राहू दे.

खानापूरची_लेक
दादा तुम्हाला सिग्नलचा रकाना मिळायलाच पाहिजे, मी तुमच्या बाजूनं बोलेन. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव फलकावरून काढायला गावातलं कोण तयार होईल? कुणीच नाही, आणि व्हायला पण नको. मग नाव काढायचं फक्त आमचं, हे बरोबर नाही.

बैलहोंगल_अण्णा
माझी मातृभाषा कन्नड, मराठी शाळेत नाही शिकलो, बेळगाव बाजारात शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे काका मिलिटरी पोलिस. तिथं पंजाबी, तमिळ, मराठी, कन्नड सगळे एका बराकीत असतात. काकांचा सगळ्यात जवळचा माणूस खानापूरचा मराठी, दोघं एकाच युनिटमध्ये होते, अजून दोघं एकमेकांच्या घरी सणाला जातात, काका मराठीत बोलतात आणि तो कन्नडमध्ये उत्तर देतो. आमच्या भागात मराठी-कन्नड म्हटलं की लगेच भांडण, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. खानापूरचं नाव खानापूरच्या फलकावर, बैलहोंगलचं बैलहोंगलच्या, पण कोअर एकच. म्हणून मला वाटतं या कोअरचं प्रकरण पुस्तकात यायलाच पाहिजे आणि दोन्ही भाषेत यायला पाहिजे. फलकाचं मला माहीत नाही, ते तुमच्या गावचं काम.

कॅम्पातला_बाळू
भावनेचं बाजूला ठेवून एक कामाचं सांगतो कारण रोज हीच कागदं बघतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस इथं बेळगावच्या कॅम्पात आहे. जन्मतारीख चुकली, बायकोचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला वेगळं आणि आधारला वेगळं, तर पलटणीचा माणूस सकाळी एसटीनं येतो, अर्ज देतो, संध्याकाळी घरी. एमपीचं रेकॉर्ड बेंगळुरूला. पाचशे किलोमीटर. नवरा गेला आणि पेन्शन पेपरवर बायकोचं नाव माहेरचं निघालं तर त्या बाईनं कुठं जायचं? आता फौजींच्या पेन्शनचं स्पर्श पोर्टल आलंय, खरं रेकॉर्डमधलंच नाव चुकीचं असेल तर पोर्टल काय करणार, ते रेकॉर्ड ऑफिसकडूनच दुरुस्त होऊन यायला लागतंय. पलटणवाल्याला ओळखीचा सुभेदार भेटतो तो सांगतो कुठला कागद लावायचा. एमपीवाल्याच्या विधवेला गावात दुसरा एमपीवाला आहे हेच माहीत नसतं. म्हणून वेगळी यादी पाहिजे. फलकावर करा नाहीतर वहीत करा, खरं यादी करा. कुठल्या गावात कोण, कुठल्या कोअरचा, घरात कोण आहे, एवढं एका ठिकाणी असलं की निम्मी अडचण मिटते.

सुभेदार_येळ्ळूर
बाळू म्हणतो ते काम आहे, ते करा, मी स्वतः मदत करतो. यादी वेगळी आणि मानाचा फलक वेगळा. तुम्ही दोन गोष्टी एकात घालताय.

कडोलीची_पोरगी
मला पण बोलायचंय. ऑगस्ट 2019 ला बेळगावात महिला मिलिटरी पोलिसची भरती झाली तेव्हा मी शाळेत होते, बघायला गेलते. कुठनं कुठनं मुली आलत्या, रात्रभर प्रवास करून, सकाळी अनवाणी पळत होत्या काही जणी. पहिल्या बॅचच्या 83 मुली मे 2021 ला बेंगळुरूच्या सेंटरमधून पास आउट झाल्या, 61 आठवड्यांचं ट्रेनिंग करून. जवान म्हणून मुलींना फौजेचं दार उघडलं ते पहिल्यांदा याच कोअरनं. मी आता अग्निवीरची तयारी करतेय त्याच एमपीसाठी, पहाटे रनिंगला जाते तर काही जण विचारतात पायदळात घेत नाहीत म्हणून तिकडं चाललीस काय. माझ्या गावच्या फलकावर ती कोअर 'इतर' असेल तर उद्या मी भरती झाले की माझं नाव पण 'इतर' मध्येच का? सुभेदार मामा, तुम्ही याचं उत्तर द्या.

हिंडलग्याचा_जुना_जवान
बाळ, तुझी भरती होऊ दे, आम्ही सगळे येतो सत्काराला. खरं माझा मुद्दा वेगळा आहे आणि कुणी मांडला नाही. जुन्या काळी बरेच एमपीवाले आधी पलटणीत होते, चार-सहा वर्षं काढून मग बदलून एमपीला गेले. आमच्याकडचे दोघं तिघं असेच, आधी मराठा, मग लाल टोपी. त्यांना कुठल्या रकान्यात लिहिणार? त्यांना विचारलंत तर ते पलटणच सांगतील. माणसाला पहिली वर्दी जिथं चढते ते त्याचं घर. म्हणून वेगळा रकाना केला की त्यांची दोन्हीकडून ओढाताण होणार.

खानापूरची_लेक
काका, त्यांना विचारून दोन्ही ठिकाणी लिहा ना, दगडावर एक ओळ जास्त कोरायला काय लागतंय. पण बाबा थेट एमपीत भरती झालेले. त्यांची पहिली वर्दी तीच, शेवटची तीच. त्यांना पलटण नाही म्हणून घर नाही असं कसं म्हणता येईल? मामांचा बटणांचा मुद्दा मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, सुट्टीवर निघालेल्या पोराला गाडी चुकेल असं थांबवणारा एमपी मला सापडला असता तर मीच त्याचा रिपोर्ट केला असता. आणि हे पण म्हणाले की रात्री बाजारात दारू पिऊन पडलेल्या कितीतरी जवानांना त्यांनी गाडीत घालून युनिटच्या गेटवर सोडलं, सिव्हिल पोलिसांच्या हाती लागू दिलं नाही, त्यातल्या एकानं पण नंतर ते कुणाला सांगितलं नसेल. सांगणार तरी कसा. सेवा तथा सहायता हे या कोअरचं ब्रीद आहे, त्यातली सहायता अशी असते, ज्याला केली तोच ती लपवतो.

सुभेदार_येळ्ळूर
हवालदार साहेबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासारखे असतील, नाही म्हणत नाही. कडोलीच्या लेकीला उत्तर देतो, 'इतर' हा शब्द काढायला माझी हरकत नाही, तिथं प्रत्येकाच्या नावापुढं त्याच्या कोअरचं नाव लिहा. वेगळ्या रकान्याला मात्र माझा विरोध आहे आणि रविवारच्या बैठकीत मी तो मांडणार. पुस्तकात प्रकरण घ्या, पाहिजे तेवढं मोठं घ्या, आणि ती टीसीपीची वही छापा. खरं फलकावर पहिली जागा पलटणीची, याच्यावर मी हलणार नाही.

खानापूरची_लेक
पहिली जागा आम्ही मागितलीच नाही मामा, आमची स्वतःची मागितली. रविवारी मी पण येणार, बाबांना घेऊन. ज्यांच्या घरात एमपीचे कोणी आहेत, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बैलहोंगल कुठलेही, त्यांनी मला मेसेजमध्ये नाव, हुद्दा, साल आणि एखादा फोटो पाठवा. सर्व्हिस नंबर किंवा पेन्शनचे कागद कुणी इथं टाकू नका. बाळू दादा, यादी तुमच्याकडं देते.