परदेशातली धर्मसेवा, दोघं आणि हिवाळा (अनुभव धागा)

निवृत्तीनंतर धर्मकार्यासाठी परदेशात जाऊन राहिलेली बरीच जोडपी आपल्यात आहेत. सेवेबद्दल सगळे भरभरून बोलतात, तिथल्या हिवाळ्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. साठी ओलांडल्यावर सेवा झेपेल की नाही, हे बरंचसं थंडीच ठरवते. पंथ कुठलाही असो, तुम्ही दोघांनी तो काळ कसा निभावला ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्नला धम्मधरा विपश्यना केंद्रात सेवा दिली. गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं हे उत्तर अमेरिकेतलं पहिलं केंद्र, १९८२ मध्ये सुरू झालेलं. डिसेंबरात तिथे दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. साधकांना उठवायची घंटा पहाटे चारला होते, म्हणजे निवासापासून धम्महॉलपर्यंतची पायवाट त्याच्या आधी मोकळी हवी. बर्फ ओढायचं काम तरुण सेवकांकडे होतं. हे त्यांच्या मागून बादलीतली वाळू मुठीमुठीने टाकत जायचे, म्हणजे कुणाचा पाय घसरू नये. मी महिलांच्या बाजूला स्वयंपाकघरात. शिबिर चालू असताना नवरा-बायको सेवक असले तरी राहायचं वेगवेगळ्या इमारतींत. रात्रभर बर्फ पडला की माझा जीव यांच्या गुडघ्यात अडकलेला असायचा. सकाळी खिडकीतून वाळूचा ताजा पट्टा दिसला की कळायचं, बरे आहेत. तेवढ्यावर मी कामाला लागत असे.

*

आम्ही चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे सभासद. आमच्या चर्चमध्ये निवृत्त जोडप्यांना स्वखर्चाने मिशनवर जाता येतं. तरुण मिशनरींसारखी दारोदार फिरण्याची अपेक्षा आमच्याकडून नसते. आमची नेमणूक उलानबातरला झाली. मंगोलियात आमच्या चर्चचं काम १९९२ मध्ये सहा ज्येष्ठ जोडप्यांनीच सुरू केलं होतं, त्यामुळे वयाचा संकोच वाटला नाही.

उलानबातर ही जगातली सर्वांत थंड राजधानी. जानेवारीत रात्री उणे तीसच्या खाली जातं. बाहेर पडलं की श्वासाची वाफ पापण्यांवर गोठते आणि मोबाइलची बॅटरी बघता बघता मान टाकते. घरात मात्र औष्णिक केंद्रातून येणाऱ्या गरम पाण्याचे रेडिएटर रात्रंदिवस तापलेले. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त यायचं, म्हणून ही रोज रात्री ओले पंचे रेडिएटरवर टाकून ठेवायची. माझ्या छातीला थंडीपेक्षा धुराचा त्रास जास्त झाला. शहराभोवती गेर म्हणजे गोल तंबूघरांच्या वस्त्या आहेत, तिथे चुली कोळशावरच पेटतात. २०१९ मध्ये शहरात कच्च्या कोळशावर बंदी आली आणि त्याजागी दाबून केलेल्या कोळशाच्या विटा आल्या, तरी संध्याकाळी धूर खाली उतरतोच. त्यामुळे बाहेरची कामं दुपारी उरकायची आणि अंधार पडल्यावर घरीच इंग्रजीचे वर्ग घ्यायचे, असं आम्ही ठरवलं.

तिथले लोक हिवाळा नऊ-नऊ दिवसांच्या नऊ टप्प्यांत मोजतात. सुरुवात २२ डिसेंबरच्या सुमारास. तिसऱ्या टप्प्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगं गोठतात असं म्हणतात. आमचे विद्यार्थी वर्गात आले की आधी कितवा टप्पा चालू आहे ते सांगायचे, मग धडा.

आमच्या चर्चच्या नियमाप्रमाणे आम्ही चहा घेत नाही आणि तिथे पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तो मिठाचा दुधाळ चहा. नाकारायचा कसा, याचं मला फार दडपण होतं. पण एकदा सांगितल्यावर घरोघरी आमच्यासाठी चात्सरगाना या आंबट केशरी फळाचा कढत रस येऊ लागला. कुणी वाईट वाटून घेतलं नाही.

त्सागान सार म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, हिवाळा सरत येतो तेव्हाचं. त्या दिवशी लहानांनी मोठ्यांकडे जायचं, तळवे वर करून त्यांच्या कोपरांखाली हात धरायचे आणि वंदन करायचं. आमची मुलं-नातवंडं हजारो मैलांवर. सकाळी दार वाजलं, उघडलं तर वर्गातली मुलं जिन्यात रांगेने उभी. एकेकाने येऊन आमच्या कोपरांखाली हात दिले. हिला रडू आवरेना. नवरा-बायकोने मात्र एकमेकांना असं वंदन करायचं नसतं. दोघं एकच, असं त्यांनी आम्हाला समजावलं.

*

वरचं वाचून राहवलं नाही. आम्ही दोघं पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्य शिकलो आणि हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटात मराठी घरांमध्ये विधी सांगायला राहिलो. दक्षिणा घेत नाही, मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिराला देणगी द्यायला सांगतो.

खरी अडचण होमाची. थंडीत खिडक्या उघडता येत नाहीत आणि घरात धूर झाला की अलार्म किंचाळतो. म्हणून गॅरेजचं दार अर्धं वर करून तिथे कुंड मांडायचं. बाहेर उणे वीस. तूप दगडासारखं घट्ट होतं, आहुतीच्या पळीत येतच नाही. आता मी तुपाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवते आणि हे मंत्र म्हणत असताना पाणी बदलत राहते. पंचपात्रातल्या पाण्यावर तर दुधावरच्या सायीसारखा बर्फाचा पापुद्रा धरतो. नऊवारीखाली लोकरीचे कपडे आणि पायात जाड मोजे घालते. त्यावर एका काकूंनी नाक मुरडलं, पण सत्तरीत अनवाणी काँक्रीटवर बसून आजारी पडणं देवाला अपेक्षित आहे असं मला वाटत नाही. माझं मत ठाम आहे.

*

मी मुलगी म्हणून लिहिते. आई-बाबा धर्मसेवेला कॅनडात होते आणि आईने पारदर्शक बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं. मी 'परत या' म्हणत होते. बाबांनी तिची वेणी घालायला शिकून घेतलं, व्हिडिओ कॉलवर मला दाखवलीही, आणि ते दोघं वसंतापर्यंत थांबले. जाणाऱ्यांना एवढंच सांगते: बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच आठवड्यात घ्या, प्रार्थनास्थळापासून चालत किती अंतरावर राहायचं ते आधी विचारा, आणि विम्यात हाड मोडल्याचा खर्च धरला आहे का ते निघण्यापूर्वी लेखी घ्या.